पुढं करशील म्हणून

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एका थाळीत भाकरी मोडून खाल्ली. आणीबाणी कधीच सरलती, तरी सीमेच्या मोर्च्यानंतर मला शहापुरात हातमागावरनं उचलून तुरुंगात घातलं. कोठडीत माझ्यासंगं होता तो निपाणीकडचा. नाव विचारलं न्हाय, अण्णा म्हणायचो. बाहेर बूट वाजलं की तो सदऱ्याचं वरचं बटण लावायचा.

घरी बायको आजारी, मला सुटायची घाई. तुरुंगाच्या साहेबानं कन्नडातला कागद आणला. मला कन्नड बोलता येतं, वाचता न्हाय. सही केली की गुन्हा कबूल, असं वाटून मी तो घेतलाच न्हाय.

"येडा हैस," घास थांबवून अण्णा म्हणाला. "सही कागद मिळाल्याची. धरल्याची कारणं तुला कळंल अशा भाषेत द्यायला लागत्यात. मग तू उलट अर्ज करायचा."

"पण मी केलंय काय?"

"काय न्हाय. पुढं करशील म्हणून धरलंय."

"मग करणार न्हाय, हे कसं दाखवू, अण्णा?"

बाहेर बूट वाजलं, त्याचा हात बटणावरच थांबला. "ते मलाबी कळलं न्हाय."

दुपारी त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं.

मी सुटून घरी पोचायच्या आधीच बायको गेली. कागद पहिल्याच दिवशी घेतला असता तर ती भेटली असती का, मला अजून कळत न्हाय. अण्णाला नेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी साहेबासमोर उभा राहिलो न् म्हणालो, "मराठीत द्या, घेतो."