पोटावरचे दोन पोपट

त्या घरात आल्यापासून कैलासला सगळ्यात जास्त चीड यायची ती धुण्याची. दुसऱ्यांची मुलं पोटात वाढवायला आलेल्या सगळ्या बायकांना तिथं एकसारखे फिक्या निळ्या रंगाचे गाऊन मिळाले होते. उशीच्या अभ्र्याला बाह्या लावाव्यात, तसले ढगळ. गच्चीवर वाळत घातले की कुणाचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग देखरेखीच्या बाईंनी प्रत्येकीच्या गळ्यापाशी काळ्या शाईनं आकडा घालायला सुरुवात केली. कैलासनं साफ नकार दिला. आकडे डेअरीच्या म्हशींना घालतात, म्हणाली, मी माझी खूण माझी करते.

तिनं आणंदच्या बाजारातून रंगीत दोरे आणि मूठभर बारीक आरसे मागवले, आपल्या जुन्या बांधणीच्या ओढणीवर कात्री चालवली, आणि ऐन पोटावर समोरासमोर दोन पोपट लावले. ओढणीचा तुकडा ठेवायचा, कडेनं साखळीटाका फिरवायचा, डोळ्याच्या जागी आरसा. फार काही कसब नव्हतं त्यात. उमरेठकडच्या तिच्या गावात दारावरच्या तोरणांवर असलेच पोपट असतात. शेजारच्या खाटेवरची मार्था मॅकवान हे बघून म्हणाली, "पोट वाढू दे, तुझे पोपट काडीमोड घेतील." पण दोनच दिवसांत तीही सुई मागायला आली आणि आपल्या बाहीवर मोगऱ्याच्या कळ्या भरत बसली. महिन्याभरात गच्चीवरची दोरी एखाद्या लग्नघरासारखी दिसायला लागली.

कैलास तिथं आहे हे गावात तिच्या नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाकीच्यांना सांगितलं होतं की ती सुरतेला एका इस्पितळात आया म्हणून लागली आहे. लेकीलासुद्धा तेच. म्हणजे बाळंत होऊन परत जायचं ते रिकाम्या हातांनी आणि मिटल्या तोंडानं. नऊ महिने पोटात बाळगलेला जीव, आणि तो आपण बाळगला हे जगात एकालाही ठाऊक असणार नाही, ही गोष्ट तिला आतून कुरतडायची. बोलायची मात्र कुणाजवळ नाही.

नीपाबेननं ते न सांगताच ओळखलं, म्हणून तर कैलासचा तिच्यावर जीव जडला. मूल होतं नीपाबेनचं. ती विलायतेत लेस्टरला दिलेली, पण मूळची इथलीच, चरोतरची पटेल. सातव्या महिन्यात श्रीमंत, म्हणजे डोहाळजेवण, करायला ती मुद्दाम आली, कैलासच्या ओटीत तांदूळ-नारळ घातला, स्वतःच्या हातानं गूळ-तुपाची सुखडी भरवली. मग बराच वेळ त्या पोपटांवरून बोट फिरवत राहिली.

"हा गाऊन मला दे, कैलास," ती म्हणाली. "बाळ कळतं झालं की दाखवीन त्याला. सांगीन, ज्या माउलीनं तुला पोटात ठेवलं ना, तिनं हे भरलंय. कैलासबेन तिचं नाव."

कैलासनं दाराआड जाऊन लगेच तो उतरवला, मार्थाचा गाऊन अंगात अडकवला आणि आपला घडी करून दिला. त्या दिवशी ती फार सुखात होती. कुणीतरी, कुठंतरी, आपलं नाव घेणार होतं.

पुढच्याच महिन्यात मार्थानं फोनवर नीपाबेनचं नाव शोधलं. हिचं विलायतेतलं घर केवढं आहे ते बघू, एवढीच खोडी मनात होती. घर राहिलं बाजूला. पहिलाच फोटो नीपाबेनचा निघाला, अंगात कैलासचा गाऊन, पुढे भलंमोठं पोट, दोन्ही हात पोटावर, मागे सासू हसतेय. मार्था मिशनच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. खालची इंग्रजी ओळ तिनं आधी मनात वाचली, मग फोन आपल्याकडे वळवला. कैलासनं रेटा लावल्यावर तिनं सांगितलं: 'माझ्या येणाऱ्या बाळासाठी, माझ्या हातांनी भरलेला.'

कैलास फोटोतल्या पोपटांकडेच बघत राहिली. पोटाशी बांधलेल्या उशीवर ते अगदी सरळ बसले होते.

तिचा केसानं गळा कापला गेला होता, आणि तोही गोड बोलून, सुखडी भरवून. तिला भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर लाज वाटली की आपण दाराआड पळत जाऊन तो काढून दिला. खोटं तर तीही बोलत होती. पण तिनं स्वतःचं लपवलं होतं, दुसरीचं उचललं नव्हतं.

नवव्या महिन्यात नीपाबेन आली ती खजूर-बदाम घेऊन, नेहमीसारखी हसत. कैलासनं हसू परत केलं नाही. फोटो बघितला, एवढंच म्हणाली. नीपाबेन आधी गोरीमोरी झाली, मग रडायला लागली. तिकडे सगळे आपलेच लोक, म्हणाली, राईचा पर्वत करतील. सासूला वाटतंय सुनेलाच दिवस गेलेत, बाळंतपणाला माहेरी गेलीय. उद्या पोराला कुणी हिणवलं तर? कैलासनं सगळं ऐकून घेतलं. काही खोटं नव्हतं त्यात.

"बरं," ती म्हणाली. "माझं नाव नका सांगू बाळाला. पण तुम्ही भरलाय असंही सांगू नका. कुणी भरला ठाऊक नाही म्हणा. तेवढं तरी करा."

नीपाबेननं डोळे पुसले. एवढ्यावर मिटेल असं तिला वाटलं नव्हतं. वाटेत विमानतळावर शेवटचा फोटो काढायला तिनं गाऊन बरोबर आणलेला होता. तो इस्त्री केलेला गाऊन तिनं पिशवीतून काढून कैलासच्या मांडीवर ठेवला.

"तूच ठेव की गं हा," ती मायेनं म्हणाली. "माझे फोटो झालेत."

ती गेल्यावर मार्था जवळ आली. कैलासनं उठून अंगातला गाऊन काढला आणि पोपटांचा डोक्यावरून घातला. तो पोटापाशी येऊन अडला. तिनं खाली ओढला, मार्थानंही ओढून पाहिला. नीपाबेननं उशीच्या मापानं दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या होत्या.