विहिरीकाठची केळीची खोडं

रंगाच्या हौदाभोवती चार माणसं जन्मभर बसली की किस्से साचतातच. शाळा मी पाहिली नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच राहिलं. हळूहळू सांगतो.

आमच्या बुऱ्हाणपूरच्या रंगखान्याचं पाणी नाल्यात जायचं आणि नाल्यातून वस्तीच्या विहिरीत मुरायचं. प्यायला दुसरी विहीर नाही. रंगखाना बंद करा म्हणावं, तर खायचं काय?

*

माझा जोडीदार भिला. त्याच्या पोरीला बघायला शाहपूरचे पाहुणे आले. भात वाढला, तर गुलाबी!

"अरे वा, साखरभात?"

भिलाची बायको सुमनवहिनी मान खाली घालून म्हणाली, "साधाच आहे, भाऊ. काल रंगखान्यात लाल सूत होतं."

हात धुवायला पाणी दिलं. तेही गुलाबी! पाहुणे परत आले नाहीत.

*

पुढं आमचं कापड परदेशात जायला लागलं. घेणारे म्हणाले, आधी सांडपाणी साफ करा. शेठनं कॉलेजातल्या मॅडमला बोलावलं. त्या म्हणाल्या, "केळीची खोडं वाळवून, तुकडे करून टाकीत भरा. ती रंग धरून ठेवतात."

"खोडं तर बांधावर सडतात, फुकट मिळतील!" शेठ खूश. "मॅडम, तुमचं सायन्स मला एकदम पटलं!"

*

आणि खरंच, वरून निळं पाणी ओतलं की खालच्या तोटीतून साफ! मॅडम जाताना बजावून गेल्या, "शेठ, वापरलेले तुकडे विहिरीपासून लांब, पक्क्या फरशीवर ठेवा."

"हो हो, बघू."

ढीग दारापर्यंत आला, तरी शेठ बघतच होते.

*

हळूहळू विहीर निवळली. एक दिवस भिला जेवणाचा डबा घेऊन साऱ्या रंगखान्यात फिरला. "बघा रे भो, भात पांढरा!" दुसऱ्याच्या डब्यातलाही पांढराच होता, तरी सगळ्यांनी वाकून पाहिला.

*

पावसाळ्यात विहिरीकाठी चिखल होतो. बायकांचे पाय घसरू नयेत म्हणून तिथं केळीची खोडं पसरायची आमची जुनी रीत. त्या साली ढीग तयारच होता. भिलानं टाकीतून काढलेले तुकडे पाट्या भरभरून नेले, हातानं नीट दाबून बसवले.

त्या रात्री धो धो पाऊस!

सकाळी सुमनवहिनीनं पहिली घागर वर ओढली. तुकड्यांतले इतक्या दिवसांचे रंग एकदम उतरलेले, पाणी काळंभोर. मग तिनं घागर विहिरीतच उपडी केली.

भिला ओरडला, "अगं, परत आत काय ओततेस?"

"मग कुठं ओतू?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."