कानांनी वाचलेला प्रोग्राम

ऑफिसात त्यांना सगळे पाल्हाळकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कोणत्या टाकीत पाणी किती, कोणता पंप कधी चालू करायचा, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिला होता. ज्या भाषेत लिहिला ती मुळातच ऐसपैस. ‘टाकीची पातळी ठरलेल्या पातळीपेक्षा कमी असेल तर पंप चालू कर’ एवढं सांगायला तिच्यात खरोखर तेवढे शब्द लागत. त्यात काकांचा हात सैल. एका ओळीत भागतं तिथे ते चार लिहीत.

तो प्रोग्राम नव्या भाषेत आणायला तिशीतली एक प्रोग्रामर आली. ती बोलेही मोजकं, लिहीही मोजकं, म्हणून तिचं नाव पडलं तार. काकांच्या अकरा हजार ओळींचं काम तिनं नऊशे ओळींत बसवलं. खात्याच्या मुख्य बाई खूश झाल्या. जो तो काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “बघा काका, थोडक्यात गोडी असते!”

काकांनी हसून मान डोलावली, आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, “मला ते वाचता येत नाही गं. एक ओळसुद्धा.”

काकांचे डोळे चालले होते. कडेकडेनं अंधार आत सरकत होता आणि मधे नाण्याएवढी खिडकी उरली होती. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती. हे घरी दोघांनाच ठाऊक. ऑफिसात काका कानात यंत्र घालून बसत. यंत्र पडद्यावरचं वाचून दाखवी, लोकांना वाटे, म्हातारा गाणी ऐकतोय. जुना प्रोग्राम असा ऐकायला सोपा होता, माणसानं माणसाला सांगितल्यासारखा. नव्यात शब्द कमी आणि खुणाच फार. यंत्र सुरू होई: कंस उघडा, कंस उघडा, बाण, उद्गारचिन्ह, टिंब, क, कंस बंद. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून गेलेली असे.

बायको शिवणकाम करायची. ती म्हणाली, “यंत्राला काय कळतंय? मी वाचते.” रोज सकाळी मशीनवरचे कपडे बाजूला सारून ती चष्मा लावून छापील कागद वाचायला बसे. खुणांची नावं तिनंच पाडली. महिरपी कंसाला मिशी, उभ्या रेघेला दांडी, आणखी एका वेटोळ्या खुणेला गाठ.

“मिशी, क, बाण, गाठ, दांडी दांडी… अहो, हे वाचतेय मी की कुणाला शिव्या देतेय?”

दोघं हसली. मग काका म्हणाले, “परत वाच.” तिनं परत वाचलं. पाचव्यांदा वाचून झाल्यावर काकांनी कागद तिच्या हातून काढून घेतला.

सांगून टाकायचं सोडून काका झाकत राहिले. खुणा ऐकता ऐकता जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून त्यांनी यंत्राला खुणा गाळायला सांगितलं. तेवढ्यात नव्या प्रोग्रामवर आधीच चालू केलेल्या एका टाकीच्या पंपाची वेळ बदलायचं काम त्यांच्याकडे आलं. ते त्यांनी केलं. त्या ओळीत एक उद्गारचिन्ह होतं. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘नाही’. काकांना ते ऐकूच आलं नव्हतं, ओळ नव्यानं लिहिताना गळालं. ‘टाकी भरलेली नसेल तर’ याचं ‘टाकी भरलेली असेल तर’ झालं. भरल्या टाकीत पंप पाणी ओतत राहिला. खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं आणि तळमजल्यावरच्या एका आजींचा जिन्यात पाय घसरून खुबा मोडला.

चौकशीत मुख्य बाईंनी विचारलं, “एवढं ढळढळीत चिन्ह तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही दिसलं. मला दिसतच नाही, बाई.”

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो नेमका कुठे ठेवलाय हे काकांना कळेना, हात टेबलावर चाचपडत राहिला. शेवटी तारेनं उठून पेला त्यांच्या हातात दिला.

प्रोग्रामला हात लावायची त्यांची परवानगी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी काका तारेच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. “एक कर माझ्यासाठी. डोळे मीट आणि तुझंच लिहिलेलं ऐक.”

ती ऐकत राहिली. तिसऱ्या ओळीलाच तिनं कानातलं यंत्र काढलं. “काका, हे मी लिहिलंय?”

“तूच लिहिलंयस. चांगलं लिहिलंयस. मला फक्त आत यायला दार नाही.”

“पण तुमच्यासारखं अकरा हजार ओळी लिहून नाही चालणार.”

“नको लिहूस. ‘क’ म्हणजे काय तेवढं तर लिहिशील?”

दुपारच्या सुट्ट्या मोडून तार कामाला लागली. ‘क’चं ‘टाकीची पातळी’ झालं, उद्गारचिन्हाच्या जागी ‘भरलेली नाही’ आलं. ओळी नऊशेच्या बाराशे झाल्या. काका शेजारी बसून ऐकत. कुठे कुठे त्यांचा चेहरा उजळे, “हां, हे कळलं!” आणि पुढच्याच ओळीला पुन्हा गाडी अडे. काही गोष्टी त्या भाषेत खुणांशिवाय सांगताच येत नव्हत्या. तारेनं डोकं आपटून पाहिलं, तरी निम्म्यापलीकडे काही काकांच्या कानात उतरेना.

जुना प्रोग्राम ठरल्या दिवशी बंद झाला. काकांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. त्यांनी प्रोग्रामच्या कामावर परत घ्या म्हणून अर्ज केला, ‘खुणा ऐकायला शिकतो, सहा महिने द्या’ असं लिहून. अर्जावर उत्तर आलं नाही. दुसरा केला, त्यालाही नाही.

एका रविवारी ते त्या आजींकडे गेले. बायको हात धरून नेत होती. आजी पलंगावर होत्या. काका म्हणाले, “चूक माझी होती.” आजींनी त्यांचे डोळे बघितले आणि म्हणाल्या, “बसा. पण माफ केलं असं म्हणणार नाही मी. चालता येत नाही मला.”

काका बसले. बराच वेळ बसले. मग बायकोनं उठवलं तेव्हा उठले.