शेवग्याच्या पाल्याची दुसरी खेप

संकेश्वरच्या अलीकडं आमचं रान. तिथं अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, अंड्यांच्या कोंबड्या होत्या. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडंच राहायला आले आणि माझाही त्या पाखरांत जीव रमला. अण्णा मका घालताना हात आखडायचा नाही. "खाऊ दे की गं, लेकीच हायत्या!" लेकी फुगल्या, तुरे फिके पडले, आणि चांगली अंडी देणारीच एखादी सकाळी आडवी दिसायची. डॉक्टरांनी मेलेली एक कापून दाखवली. कलेजी पिवळी, तेलकट, बोट लावलं की भुगा. "मका कमी करा," ते म्हणाले, "आणि शेवग्याचा पाला वाळवून, दळून खाद्यात मिसळा. चरबी उतरायला मदत होईल."

पाल्याचं काम माझं. पहिली खेप जुन्या लुगड्यावर वाळवली. हळूहळू तुरे लाल व्हायला लागले. अण्णा गावभर सांगत सुटला, "माझी भैन डॉक्टर हाय!" मीही शेफारले.

दुसऱ्या खेपेला लुगडं पुरेना. आमच्याकडं ताडपत्री एकच. तंबाखू वाळवून झाली की तीच मिरचीला, तीच जोंधळ्याला. वरवर झाडली, पाला पसरला, झालं! घडीत अडकलेला चुरा दिसू नये? डोळे फुटले होते काय माझे?

ती पूड घातली त्याच दिवशी कोंबड्या लटपटत, लाळ गाळत पडायला लागल्या. दुपारपर्यंत निम्मी शेड गार. मी उरलेली पूड नाकाला लावली. तंबाखूचा वास!

अण्णा मटकन खाली बसला. "माझ्याच मक्यानं खाल्लं गं ह्यास्नी. डॉक्टरला बोलवू काय?"

"कशाला?" मी म्हटलं. "चरबीच की ती."

पूड मी उकिरड्यात पुरली. अण्णानं वाचलेल्या कोंबड्या पाहुण्यांना देऊन टाकल्या, पुन्हा पाळल्या नाहीत. पण अजून रोज सकाळी रिकाम्या शेडपुढं उभा राहतो आणि कोंबड्यांना बोलवावं तसं हळूच 'ती ती ती' करतो. मी चुलीपुढं असते. ऐकत राहते, भाकरी तव्यावरच करपते.

परवा ठरवलंच, आज सांगायचं. चहा घेऊन शेडपाशी गेले. "अण्णा, त्या कोंबड्या..."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सोड गं. ज्या जित्या ऱ्हायल्या, त्या तुझ्या पाल्यानं. मी मारल्या, तू राखल्यास."

आणि मी, देवा, मान डोलावली.