घाटातलं पाणी लाल झालं तेव्हा

"नागपूरकरांच्या नशिबात डोंगरच नाही," असं मी जेवताना म्हणाले आणि मामाजींचा घास हातातच राहिला. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. खापा भागातल्या एका मँगनीजच्या खाणीत त्यांनी उभी नोकरी काढली, मेट म्हणून. मेट म्हणजे जमिनीखाली उतरणाऱ्या टोळीचा मुकादम. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या आमच्या घरी गॅलरीत बसून समोरच्या गोडाऊनला लागणारे ट्रक पाहतात.

"डोंगर नाही म्हणते! अवं, ज्वालामुखीच्या दगडावर बसून जेवून राहिली तू," ते म्हणाले. "गाडी काढ उद्या. दाखवतो तुले."

पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आटोपली होती, गणपती बसायला दोन-तीन दिवस होते. नवरा कामानिमित्त रायपूरला, मुलगी हॉस्टेलला. ब्लॉगवर चार महिन्यांत एक ओळ लिहिली नव्हती. मी गाडी काढली.

तीन दिवसांची पावसाची झड नुकतीच उघडली होती. काटोल रोडने कळमेश्वरला पोचायला तासभरही लागत नाही, पण मामाजींनी मला अर्ध्यातच थांबवलं. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक बंद पडलेली दगडाची खदान होती. अशा खदानी मी हजार वेळा पाहिल्यात. त्यांनी काठीने दाखवलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं की खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधे हातभर जाडीचा राखाडी, पिवळट थर आहे. त्यांनी त्या थरातला एक तुकडा फोडून माझ्या तळहातावर ठेवला. त्यात करंगळीच्या नखाएवढी गोगलगाय होती. दगडाची.

"लाव्हा आला, थंडा झाला. त्याच्यावर पाणी साचलं, तलाव झाला, गोगलगायी आल्या. मंग पुन्हा लाव्हा आला," मामाजी म्हणाले, जणू काल-परवाची गोष्ट.

मी मोबाईलवर शोधलं. साडेसहा कोटी वर्षं, थोडी इकडेतिकडे. याच रस्त्याने मी इतकी वर्षं माहेरी जाते, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात फक्त कळमेश्वरचं रेल्वे फाटक उघडं असेल की नाही, एवढंच असायचं.

सावनेरला एका खानावळीत पाटोडी-रस्सा खाल्ला. (पोट भरतं, पण रस्सा जपून, डोळ्यांतून पाणी आलं तर दही मागा, देतात.) मग खाप्याला कन्हान नदीवर गेलो. नदी भरून चालली होती, म्हणून काठावरूनच पाहिलं. इथे काळा दगड संपलेला. त्याऐवजी पांढरे-करडे पट्टे असलेला, धुतलेली साडी पिळावी तसा पिळलेला खडक. मामाजींनी त्याला हात लावला, जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्याला लावावा तसा. हा लाव्हापेक्षा कितीतरी जुना, नागपूरच्या आसपासच लाव्हाचा थर संपतो आणि खालची म्हातारी जमीन उघडी पडते, असं त्यांनी सांगितलं. पहिला दिवस असा एकावर एक धक्के देणारा, पण सुखाचा होता. सावनेरच्या साध्या लॉजवर आम्ही लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चना-पोह्यांवर तर्री ओतून घेतली आणि छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलो. सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे आहेत. झाडांवर हिरवी फळं होती, झडीने बुडाशी पाणी साचलेलं. रस्ता उत्तम आहे, घाई करू नका. पुढे घाट सुरू होतो आणि सातपुडा अंगावर येतो. दगड पुन्हा काळा.

अर्ध्या चढावर, जिथे रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय तिथे, ताडपत्री टाकलेलं एक चहाचं दुकान होतं. चालवणारी ललिताबाई, पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. दुकानामागे खुंट्याला एक बकरी. बाकड्यावर एक ट्रक ड्रायव्हर आणि मोटारसायकलवरून आलेलं एक नवं जोडपं बसलं होतं. ड्रायव्हरचा ट्रक वरच्या वळणावर उभा होता.

मामाजींना तर शाळाच सापडली. कापलेल्या डोंगरात वर गोल गोल दगड रचल्यासारखे दिसत होते, कांद्याची सालं सुटावीत तशी त्यांची सालं सुटत होती. त्यांच्याखाली विटेसारखा लाल मातीचा पट्टा. "हा लाव्हानं भाजलेला मातीचा थर. याच्यातून पाणी खाली जात नाही, वरच्या वर सरकते आन बाहेर पडते," ते म्हणाले. तिथेच झरा होता. ललिताबाईने त्याला प्लास्टिकचा पाइप लावून पाणी ड्रममध्ये सोडलं होतं. मी गाडी दुकानाला लागूनच उभी करून फोटो काढत सुटले.

दुसरा चहा सांगितला तेव्हा ललिताबाई ड्रमपाशी गेली आणि करवादली, "आत्ता तं साफ होतं पाणी! लाल काहून येऊन राहिलं?"

मामाजींनी कप खाली ठेवला. पाइपाच्या तोंडाशी बोट धरून पाहिलं, मग मान वर करून डोंगराकडे. मीही पाहिलं. मला काहीच दिसलं नाही. दोन-चार खडे टपटपले आणि ताडपत्रीवरून घसरून खाली आले, एवढंच.

"उठा सगळे," मामाजी म्हणाले. "खाली चाला. लवकर."

कोणी हललं नाही. ड्रायव्हर हसला. "चाय तो पीने दो, बाबाजी."

"डोंगर येऊन राहिला बाप्पा, उठा!"

"वीस पावसाळे काढले मी इथं," ललिताबाई म्हणाली. "रोजचेच खडे हायेत थे. दूध चुलीवर हाये माह्यं."

आणि आता मला जे लिहायचंय ते लिहिताना लाज वाटते. मी मामाजींच्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मामाजी, बसा न गप. लोक पाहून राहिले."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हात सोडवून घेतला, दुकानामागे गेले, बकरी सोडली आणि दावं धरून तिला उतारावरून ओढत चालू लागले.

"ए बुढ्या!" ललिताबाई किंचाळली. "माही बकरी! सोड माह्या बकरीले!" हातातली गाळणी घेऊन ती त्यांच्यामागे धावली. मोटारसायकलवालं जोडपं हसत हसत तमाशा पाहायला तिच्यामागे. ड्रायव्हरने मोबाईल काढला. मी शरमेने मेल्यासारखी गाडीत बसले, म्हाताऱ्याला गाडीत कोंबून सरळ घरी न्यायचं ठरवून गाडी वळवली आणि उताराला लावली.

वळणाच्या खाली मी त्यांना गाठलं. ललिताबाईने दावं धरलं होतं, मामाजी सोडत नव्हते, बकरी मधे बें बें करत होती. मी दार उघडून एक पाय खाली ठेवला आणि जमीन हलली. मालगाडी अंगावरून जावी तसा आवाज, पण आवाजाला दिशा नव्हती. तो पायातून वर आला. आरशात झाडांमधून वरची निळी ताडपत्री दिसली आणि मग दिसली नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक पाय रस्त्यावर, एक गाडीत, हात स्टिअरिंगवर, आणि बोटं उघडत नव्हती. मामाजींनी एकेक बोट सोडवलं. आम्ही वळणापर्यंत मागे चालत गेलो. रस्ता नव्हता. दुकान नव्हतं. लाल चिखल, उपटलेली सागाची झाडं आणि ते गोल दगड, काही माझ्या गाडीपेक्षा मोठे. मी गाडी जिथे उभी केली होती तिथे त्यातला सगळ्यात मोठा बसला होता. ओल्या मातीचा वास इतका दाट होता की श्वास घेववेना. मोटारसायकल कुठेच दिसत नव्हती. त्या पोरीने नवऱ्याचा शर्ट मुठीत धरला होता आणि तो तिला "काही नाही, काही नाही" असं उगीचच सांगत होता.

ललिताबाई बकरीच्या गळ्यात हात टाकून रस्त्यावर बसली. "दूध चुलीवर होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "दूध चुलीवर होतं गा."

मग मामाजींनी विचारलं, "डायवर कुठी हाये?"

आम्ही सगळ्यांनी ओरडायला सुरुवात केली. त्याचं नावही माहीत नव्हतं. "ओ भैया! ओ ट्रकवाले भैया!" काही नाही. फक्त मधूनमधून दगड घसरल्याचा आवाज. मामाजी चिखलाकडे निघाले तेव्हा मी त्यांना मागून कवेत धरलं.

किती हाका मारल्या कोण जाणे. मग ढिगाऱ्याच्या पलीकडून, वरच्या अंगाने, ट्रकचा हॉर्न वाजला. लांब, न थांबता. मागोमाग आवाज आला, "जिंदा हूँ! बाबाजी, जिंदा हूँ!" नीट व्हिडिओ यावा म्हणून तो वरच्या वळणावर आपल्या ट्रकपाशी गेला होता.

मामाजी तिथेच खाली बसले. मी पाण्याची बाटली दिली. घोट घेऊन ते म्हणाले, "खाणीत एकदा असंच झालं होतं. छत ठोकून पाहिलं तं आवाज पोकळ आला. साहेबाले घाई होती. मले वाटलं, लोक हसतीन. मी बोललो नाही." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हती. सासूबाई गेल्या, त्यांनाही ती ठाऊक नसावी.

खालून येणाऱ्या गाड्या आम्ही हात करून थांबवल्या. पोलीस आले, दुपारी जेसीबी आला. जोडप्याला एका जीपने सौंसरला नेलं. ललिताबाईला तिच्या भावाच्या गावी आम्ही सोडलं, बकरी मागच्या सीटवर. उतरताना ती मामाजींच्या पाया पडली, ते मागे सरकले.

वाडीला परतून आता नऊ दिवस झालेत. समोर गोडाऊनला लोखंडी पाइप उतरले की त्या आवाजाने मी हातातलं टाकून अंगणात धावते. आजूबाजूचे लोक विचारतात, काय झालं? त्या बाजूला जायचं असेल त्यांना मी सांगते: कळमेश्वरच्या वाटेवरची खदान पाहा, खाप्याचा काठ पाहा, जरूर पाहा. पण झडीनंतर कापलेल्या डोंगराखाली चहाला थांबू नका. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, वरून खडे यायला लागले, तर कप तिथेच ठेवा आणि निघा. कोणी हसलं तर हसू द्या.

मी मामाजींची माफी मागितली. ते म्हणाले, "तू गाडी आणली न खाली. झालं मंग." याहून जास्त ते बोलत नाहीत, आणि मला ते पुरत नाही. "बसा न गप" हे माझ्याच आवाजात मला दिवसातून कितीदा ऐकू येतं.

आज सकाळी ललिताबाईचा फोन आला. घाटाच्या पायथ्याशी भावाने तिला जागा शोधून दिलीय. "दुकान टाकाच्या आंधी बुढेबाबाले आणून दाखवाची हाये," ती म्हणाली. "थ्ये म्हनतीन तं टाकीन, नाही तं नाही."

मी निरोप सांगायला गॅलरीत गेले. मामाजींनी ऐकलं, काठी घेतली आणि चपला घालायला लागले. मी गाडीची किल्ली घेतली.