सोयरीककाकांचं पिवळं विमान

रिमोटवर छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना सोयरीककाका म्हणत, कारण त्यांचं काम तेच. हातातला रिमोट आणि विमानाच्या पोटातला रिसीव्हर यांची जोडी ते जमवून देत. नवा रिसीव्हर कुणाचाच नसतो. एकदा जोडी जमली की मैदानावर कितीही रिमोट चालू असोत, तो ऐकणार फक्त आपल्या रिमोटचं. "माणसांत एवढी निष्ठा असती तर कोर्टं ओस पडली असती," असं काका म्हणायचे. मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "ऐकू येतंय मला."

पंख्यांच्या आणि मिक्सरच्या जळक्या मोटारी नव्यानं गुंडाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुकान विकलं, पण टेबल काही विकलं नाही. ते उचलून घरी आणलं, खिडकीपाशी ठेवलं, आणि येणारा-जाणारा गुडघे आपटून घेऊ लागला. त्या टेबलावर क्लबातली निम्मी विमानं जोडली गेली. काकांचा शिरस्ता ठरलेला होता. आधी मोटारीवरचा पंखा काढून ठेवायचा. मग रिमोटवरची मोटारीची दांडी पार तळाशी ओढायची. मग रिसीव्हरला बॅटरी लावून रिमोटचं बटण दाबून धरायचं. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जमलं. पण तिथं थांबायचं नाही, शेवटी रिमोट बंद करून पाहायचा. कारण जोडी जमताना दांडी जिथं असेल ती जागा रिसीव्हर लक्षात ठेवतो, आणि पुढे कधी रिमोटशी संपर्क तुटला तर मोटार तिथंच नेऊन ठेवतो. दांडी तळाशी असेल तर मोटार गप्प होते. वर असेल तर विमान सुसाट सुटतं, मग बसा बोंबलत. दांडी वर ठेवून जोडणाऱ्याला काका भर मैदानात असं फैलावर घ्यायचे, की तो माणूस आठवडाभर तोंड दाखवत नसे.

गेल्या वर्षापासून काकांचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काकांनी हात खिशात घातला, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. पण मागच्या वेळी त्यांचं पिवळं विमान बाकांवर बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून असं खाली आलं की माणसं जमिनीवर आडवी झाली. सेक्रेटरी काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, रविवारी एकदा नीट उडवून उतरवून दाखवा. नाही जमलं तर यापुढे एकट्यानं उडवायचं नाही." या सेक्रेटरीला उडवायला शिकवलं होतं काकांनीच. बोलणं कसं झोंबलं असेल ते सांगायला नको.

रविवारच्या आधी काकांनी विमानात नवा रिसीव्हर बसवला. लेक आली होती. ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला, दिवसभर तांदळाएवढे दात घासायचे, त्यामुळे हात दगडासारखा स्थिर. तिच्यासमोर तर काकांना हात लपवायचाच होता. पंख्याचा नट काढायला थरथरती बोटं तयार नव्हती, म्हणून पंखा तसाच राहिला. बटण दाबताना डाव्या अंगठ्यानं दांडी वर सरकवली, ते त्यांना कळलंही नाही. दिवा स्थिर झाला. काकांनी सवयीनं दांडी खाली ओढली आणि नेहमीप्रमाणे रिमोट बंद केला.

मोटार किंचाळली. विमान टेबलावरून उडालं, लेकीच्या बाहीचा तुकडा घेऊन कपाटावर आदळलं आणि तिथंच घरघरत राहिलं. लेकीनं झडप घालून बॅटरी उपटली. बाही फाटली होती, हात शाबूत होता. काकांनी तो हात उलटसुलट करून पाहिला, परत पाहिला. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. काकू दारातून आत आल्या आणि पंख्याचे तुकडे वेचू लागल्या.

"बाबा, पंखा तुटलाय फक्त," लेक म्हणाली. "दुसरा लावू."

"तू लाव," काका म्हणाले. "आणि जोडी तुझ्या रिमोटशी जमव."

लेकीला आपलं शिकणं आठवलं. लहानपणी ती शिकली तेव्हा दोन रिमोट वायरनं जोडलेले असत. विमान जोडलेलं असे काकांच्या रिमोटशी. काका एक खटका दाबून धरत तोवर विमान लेकीचं, सोडला की काकांचं. पहिल्यांदा उतरवताना ती घाबरली, तेव्हा काकांनी गुपचूप खटका सोडला, विमान उतरवलं आणि म्हणाले, "तूच उतरवलंस." पोरीनं ते घरभर सांगितलं होतं. काकूंना तर जेवताना दोनदा.

आता लेकीनं पंखा काढला, दांडी तळाशी ओढली, बटण दाबलं. काका हात मांडीखाली घेऊन नुसते बघत होते. चूक काढायला जागा नव्हती, आणि त्यांनी शोधलीही नाही.

रविवारी मैदानावर सेक्रेटरीनं बापलेकीच्या रिमोटांना जोडणारी वायर पाहिली. "कोण उडवणार, काका?"

"उडवणार मी. पण विमान हिचं. मी शिकाऊ." सेक्रेटरीनं मान डोलावली.

लेकीनं विमान वर नेलं आणि खटका दाबून धरला. पिवळं विमान झोके घेत फिरलं. हात थरथरला की पंख थरथरत, पण विमान उंचावर होतं आणि खाली कुणी नव्हतं. काका खूश होते, अगदी मनापासून खूश. मग उतरवायची वेळ आली. विमान खाली येता येता काकांचा अंगठा दांडीवर जोरात उडाला. पंख हलले नाहीत. अंगठा परत उडाला, विमान सरळच राहिलं. काका समजले. त्यांनी मान वळवली नाही, दांडी धरून तसेच उभे राहिले. विमान गवतावर अलगद टेकलं.

"तुम्हीच उतरवलंत, बाबा," लेक म्हणाली.

काकांनी डोळे पुसले आणि वायर गुंडाळायला घेतली.

घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, "काय हो, उतरवलं कुणी?"

"मी," काका म्हणाले. जेवताना त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं. काकूंनी लेकीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.