प्लाझ्मा वीतभरच जातो

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. जिवंत माणसाबद्दल तशी काही अट नाही, म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. हनीफ सोलकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी पालीच्या बाजारात सुरण निवडत होते. फोन सलीमचा होता, त्यांच्या धाकट्या भावाचा. "बाई, भाईजान गेले," एवढंच तो म्हणाला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये मासेमारी ट्रॉलरच्या दुरुस्तीचा ठणठणाट दिवसभर चालू असतो, त्यातलं फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं. मी सुरण तिथेच टाकून रत्नागिरीची गाडी धरली. पोहोचले तोवर मय्यत उठली होती. बायका कबरस्तानात जात नाहीत, मी त्यांच्या पत्नीजवळ, रुखसानाभाभींजवळ बसून राहिले... रडू आलं नाही. मला दुःख झालं की आधी राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते त्या दिवशी कळत नव्हतं. काही आठवड्यांनी कळलं. याच पुरवणीत एका विज्ञानकथाकाराचा लेख आला, 'माझा शिष्य हनीफ'. त्यांचं नाव छापू नये अशी संपादकांची विनंती आहे, म्हणून मी त्यांना थोर लेखक म्हणेन. ते स्वतःही स्वतःला तसंच म्हणतात.

हनीफसर आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो, ते फिजिक्स आणि मी मराठी. दुपारच्या चहाला स्टाफरूममध्ये आमचं भांडण ठरलेलं असे. मला गोष्टी आवडत, त्यांना गोष्टींतल्या चुका आवडत. त्यातही बंदुकीतून जळता गोळा सोडणाऱ्या, 'प्लाझ्मा' हा शब्द बेधडक वापरणाऱ्या विज्ञानकथा म्हणजे त्यांचं खास गिऱ्हाईक. "बाई, प्लाझ्मा म्हणजे तापून तापून ज्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेत असा वायू," ते सांगत. "ट्यूबलाइटमध्ये तो आहे, विजेत आहे, सूर्य तर सगळा तोच. पण शेवटी वायूच ओ. नळीत कोंडलाय तोवर शहाणा, बाहेर सोडला की पसरला. तुम्ही इथून फुंकर मारून भाट्याच्या पुलापलीकडची चूल विझवून दाखवा, मग मी ती बंदूक मानतो." मी मुद्दाम काडी घालत असे. चुंबकाने बांधून ठेवला तर? "ठेवता येतो की. पण मग ते चुंबक गोळ्याबरोबर उडत जायला हवं. त्यापेक्षा चुंबकच फेकून मारा त्याला." आणि अंतराळात? "तिथे तर अडवायला हवाही नाही. आणखी लवकर पसरेल." हे सगळं ते इतक्या आनंदाने सांगत की एखादी गोष्ट खोटी पडल्याचं वाईट वाटायचं राहूनच जाई.

त्यांच्यापाशी पुरावाही होता. सलीमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी पत्रा कापायचा प्लाझ्मा कटर आहे. दर वर्षी बारावीच्या मुलांना ते तिथे घेऊन जात, मीही एकदा गेले. काळ्या काचेतून पाहिलं तर निळसर पांढरी ज्योत जाड पत्रा सुरी लोण्यातून जावी तसा कापत होती. मग सरांनी टॉर्च, म्हणजे ज्योत निघते ती हातातली नळी, जरा वर उचलली आणि ज्योत पटकन विझली. नंतर त्यांनी एक जाड वायर दाखवली. तिच्या टोकाला पितळी चिमटा होता, तो पत्र्याला घट्ट लावलेला. "हा अर्थिंगचा चिमटा. वीज ज्योतीतून पत्र्यात उतरते आणि याच्यातून परत जाते. हा लावला नाही तर पुढे बोटभर ज्योत फुरफुरते आणि मरते. म्हणजे प्लाझ्माने शत्रूला मारायचं तर आधी त्याच्याजवळ जाऊन, जरा उभे राहा हं, असं म्हणून त्याला चिमटा लावून यायला हवं." मुलं पोट धरधरून हसली होती.

थोर लेखक आमच्या गावात आले ते विज्ञानकथेच्या कार्यशाळेला. सभागृह भरलेलं होतं. त्यांनी आपली गाजलेली कथा वाचली. तिचा नायक किल्ल्याच्या बुरुजावरून प्लाझ्माच्या बंदुकीने थेट खोल समुद्रातलं जहाज उडवतो. प्रश्नांच्या वेळी सर उभे राहिले, आणि अगदी अदबीने त्यांनी विचारलं की हा गोळा एवढं अंतर न पसरता कसा गेला. थोर लेखकांनी चष्मा काढला, सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, कथेला कल्पनाशक्ती लागते. ती आंब्यासारखी झाडाला लागत नाही." सभागृह हसलं. आमचे प्राचार्य हसले, पुढच्या रांगेतले नगरसेवक हसले. सर खाली बसले आणि हातातल्या कागदाची घडी घालत राहिले... मी शेजारीच होते. ती घडी मी अजून विसरलेले नाही, आणि कोण कोण हसलं तेही विसरलेले नाही.

त्यानंतर सरांनी स्वतःच कथा लिहिली, एकुलती एक नव्हे पण सर्वांत चांगली. तिचं नाव 'वीतभर'. तिच्यात एका माणसाला सूड घ्यायचा असतो आणि त्याच्याजवळ खरंखुरं, शास्त्रात बसणारं प्लाझ्माचं हत्यार असतं. ("कटर बोटभरच जातो, बाई. गोष्टीसाठी मी वीतभराची सवलत दिलीय.") त्यामुळे त्याला शत्रूच्या अगदी जवळ जावं लागतं, गोड बोलून त्याच्याच हाताने चिमटा धरायला लावावा लागतो. शत्रू मानाचा भुकेला, तो हसत हसत धरतो. आणि वीतभर अंतरावर उभं राहिल्यावर नायकाला त्याचा मरगळलेला चेहरा दिसतो, आणि तो त्याच्या हातातून चिमटा काढून घेतो. मी चिडले होते. म्हटलं, मारायचं होतं त्याला. सर म्हणाले, "लांबून मारणारं हत्यार असतं तर मारला असता. पण तसं हत्यार होत नाही, बाई. आणि जवळून माणूस माणसासारखा दिसतो." थोर लेखक तेव्हा एका दिवाळी अंकाचे संपादक होते. 'वीतभर' त्यांच्याकडे गेली आणि परत आली. वर एकच ओळ होती, कल्पनाशक्तीचा अभाव. सरांनी पुढेही लिहिलं, पण कुठे पाठवलं नाही. गावात मात्र 'प्लाझ्मामास्तर' हे नाव पडलं ते पडलंच, मुलं भिंतीवरही लिहीत. सर ते वाचून हसत. मी नाही.

आता तेच थोर लेखक त्या 'माझा शिष्य हनीफ' लेखात लिहीत होते की प्लाझ्माचं शास्त्र हनीफला त्यांनीच रत्नागिरीच्या त्या कार्यशाळेत समजावून सांगितलं. भाभी सरांच्या कथांचं पुस्तक काढत होत्या, त्याला प्रस्तावना लिहायला ते 'आनंदाने तयार' होते. म्हणजे हयातीत हसून घेतलं, आणि आता पुस्तकाच्या पहिल्या पानावर गुरू म्हणून बसायचं. प्रकाशकही म्हणाला, त्यांचं नाव असलं तर पुस्तक चालेल. भाभींनी अजून होकार कळवला नव्हता. सरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर कॉलेजने स्मृतिसभा ठेवली, तिचे अध्यक्षही थोर लेखकच. तिथे त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, मधे डोळेही पुसले. मी सूत्रसंचालन करत होते. आभार मानले आणि गोड आवाजात विचारलं, जाताना मिरकरवाड्याला थांबायचं का, ज्या यंत्राजवळ सर मुलांना शिकवायचे तिथे गुरूचा एक फोटो व्हायला हवा. ते लगेच तयार झाले.

सलीमने गाडी येताना पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि कटरचा भिंतीवरचा प्लग काढून ठेवला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. थोर लेखकांना टॉर्च हातात हवी होती, ती मी आधीच उचलली होती. म्हटलं, "ही शिष्याची बाजू, ती माझ्याकडे राहू द्या. तुम्ही हे धरा. सगळा प्रवाह शेवटी याच्याकडेच येतो." शब्द न् शब्द खरा होता. ते प्रसन्न हसले आणि त्यांनी अर्थिंगचा चिमटा माइक धरावा तसा छातीशी धरला. टॉर्चचं तोंड त्यांच्याकडे होतं, आणि सलीम मोबाइलवर फोटो काढत होता. मागे उभ्या असलेल्या खलाशांपैकी एकजण हळूच म्हणाला, "अरे, पत्रा झाला की ह्यांचा." थोर लेखकांनी ते ऐकलं आणि मान डोलावली, त्यांना ते कौतुक वाटलं. ज्याने हनीफला प्लाझ्मा शिकवला, त्याला चिमटा कशाचा हे ठाऊक नव्हतं.

मी वीतभर अंतरावर उभी होते. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण होती, शर्टाची कॉलर आतून विरलेली होती. माणूस म्हातारा झाला होता. सरांचं म्हणणं खरं होतं, जवळून माणूस माणसासारखाच दिसतो. सरांनी एवढ्यावर चिमटा काढून घेतला असता. मी सलीमला म्हटलं, अजून एक काढ.

तो फोटो या लेखासोबत छापला आहे, संपादकांची विनंती फक्त नावापुरती होती. मिरकरवाड्यात तो कुणाला समजावून सांगावा लागणार नाही, इतरांसाठी मी वर सगळं लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन भाभींकडे गेले. सरांची खोली तशीच होती, खाडीकडच्या खिडकीपाशी टेबल, त्यावर पांढरी टोपी, उन्हाने फिकट झालेला टेबलक्लॉथ. भाभींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग प्रकाशकाला फोन लावून म्हणाल्या, प्रस्तावना नको, पुस्तक नाही चाललं तरी नको. फोन ठेवला आणि फोटो टेबलावर टोपीला टेकवून उभा केला, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. मला एकदम अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, "भाभी, सरांना हे आवडलं नसतं. त्यांनी त्या माणसाला केव्हाच माफ केलं होतं."

"त्यांनी केलं होतं, बाई," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी फोटो जरा सरळ केला. "मी कुठं केलंय?"